मोडक्या सुईचं टोक

सुई मोडली मंगळवारी दुपारी, आणि माल न्यायला गाडी येणार होती शुक्रवारी बारा वाजता. मधले तीन दिवस धाकटीनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. मागून कुणी नुसतं "अगं" म्हटलं तरी ती दचकायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. धाकटीच्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं.

सगळा कारखाना तिला धाकटीच म्हणायचा. ती घरातली धाकटी सून. थोरल्या जावेनं तिला इथं आणलं तेव्हा नावही घरूनच बरोबर आलं. कारखाना म्हणजे तरी काय, तीन खोल्या आणि पुढं एक पडवी. अठ्ठावीस बायका तिथं तान्ह्या बाळांसाठी कापडाचे हत्ती शिवत. मालकीण कुणीच नव्हती, किंवा असं म्हणा की अठ्ठावीस मालकिणी होत्या. भाव त्याच ठरवत, सुट्टी त्याच ठरवत, भांडणंही त्याच करत. मध्ये दलाल नाही. माल थेट समुद्रापलीकडच्या दुकानांत जाई, आणि तिकडून खरेदीवाली बाई वर्षातून एकदा येऊन, त्यांच्यातच मांडी घालून बसून, तुम्हाला काय परवडतं ते सांगा म्हणून विचारी. असा प्रश्न त्यांना जन्मात कुणी विचारला नव्हता.

या तीन खोल्यांनी गल्लीत बरंच काही उलटंपालटं केलं होतं. ज्या बायका दवाखान्यात जायला घरच्या चार माणसांची तोंडं बघायच्या, त्या आता शेजारच्या सुनांना हाताला धरून नेत होत्या. धाकटीच्या नवऱ्यानं लग्नानंतरची चार वर्षं "तुला काय कळतंय" याखेरीज दुसरं उत्तर दिलं नव्हतं. तोच आता, खोली बदलायची का, हे आधी तिला विचारायचा. तिच्या मताला घरात जागा झाली होती, आणि ती जागा कारखान्यानं दिलेली आहे हे धाकटीला पक्कं माहीत होतं. कारखाना गेला तर ती जागा टिकेल का, हे मात्र माहीत नव्हतं.

धाकटीचं काम डोळ्यांचं. लहान बाळं बटण उपटून गिळतात, म्हणून हत्तीचे डोळे दोऱ्यानं भरायचे. तेही डोक्यात कापूस ठासून झाल्यावर. आधी भरले तर कापूस भरताना डोळा तिरळा होतो. धाकटीच्या हाताखालून गेलेला हत्ती आपल्याकडे बघून काहीतरी सांगतोय असं वाटे. कारखान्यातल्या सुया तिला या कामाला जाड वाटत, कापडाला भोक पाडत. म्हणून ती आईनं दिलेली केसासारखी बारीक सुई बाहीच्या शिवणीत लपवून आणायची, आणि कारखान्याची सुई संध्याकाळी तशीच, कोरी करकरीत, परत खोचायची.

इथंच घोडं पेंड खात होतं. कारण सुईचा नियम कारखान्यात देवाच्या नावापेक्षा मोठा होता. भिंतीवर बुचाची फळी, फळीवर अठ्ठावीस खुणा. सकाळी आपल्या खुणेवरची सुई घ्यायची, संध्याकाळी तिथंच खोचायची. मोडली तर दोन्ही तुकडे आणून दाखवायचे. एक तुकडा जरी सापडला नाही तरी सगळ्यांनी हातातलं काम खाली ठेवायचं आणि तो मिळेपर्यंत उचलायचं नाही. घरची सुई आणायची नाही, हे तर पहिल्याच दिवशी सांगितलं जाई. पलीकडच्या वस्तीतल्या बायकांचाही असाच कारखाना होता. त्यांच्या एका बाहुलीत एक टाचणी गेली. बाळाला काही झालं नाही, आईच्या बोटाला लागली, तेवढंच. पण सगळा माल परत आला, मग दुसरा मागितलाच गेला नाही, आणि आता त्यांच्या खोलीत कुणीतरी सिमेंटची पोती ठेवतं.

मंगळवारी हत्तीच्या कानाजवळच्या जाड शिवणीत सुई अडली. धाकटीनं जरा जोर केला. टक असा बारीक आवाज झाला आणि हातात सुईचं टोक नसलेलं धड राहिलं. टोक उडालं असेल म्हणून तिनं हत्ती उजवीकडच्या ढिगावर ठेवला आणि खाली वाकून फरशी चाचपू लागली. तेवढ्यात थोरली जाऊ टोपली घेऊन आली. पोटं शिवून बंद करण्याचं काम तिचं आणि आणखी तिघींचं.

"झाले का गं एवढे?" जावेनं विचारलं.

"झाले वहिनी," टेबलाखालून धाकटी म्हणाली. का म्हणाली, देव जाणे. भीतीनं माणूस आधी तोंड उघडतो आणि मग विचार करतो.

ती वर आली तोवर ढीग टोपलीत, टोपली आतल्या खोलीत आणि ते हत्ती दुसऱ्या ढिगात मिसळलेले. सगळे एकाच रंगाचे, एकाच मापाचे, एकाच सोंडेचे. फरशीवर टोक मिळालं नाही. म्हणजे ते आत होतं. दोनशे चाळीसपैकी कुठल्यातरी एका हत्तीच्या कानामागं.

शुक्रवारी सकाळी धाकटी पोरीला पाळणाघरात ठेवायला गेली. पाळणाघर म्हणजे कारखान्याचीच मागची खोली. बायकांनी भांडून भांडून ती मिळवली होती. पोरगी सव्वा वर्षाची, हाताला लागेल ते तोंडात घालणारी. कुणीतरी तिला शिलाई चुकलेला एक हत्ती खेळायला दिला होता. पोरीनं त्याचा कान गालात कोंबला आणि मन लावून चावायला लागली.

धाकटीनं झडप घालून तो ओढून घेतला. पोरगी भोकाड पसरून रडली. पाळणाघरातल्या मावशी बघतच राहिल्या.

"अगं, काय झालं? स्वच्छ आहे तो. कालच धुतलाय मी."

"काही नाही मावशी," धाकटी म्हणाली. तिनं तो कान बोटांनी सगळीकडून दाबून पाहिला. काही नव्हतं. तो जुना हत्ती होता, मंगळवारचा नव्हताच. पण मंगळवारचा कुठल्यातरी घरात असाच गालात जाणार होता. ते घर कुठलं, ती आई कोण, हे धाकटीला कधी कळणारही नव्हतं. मग ती सरळ कात्रीसमोर जाऊन उभी राहिली.

कात्री म्हणजे त्यांची अध्यक्षीण. कापड बेतायची ती, आणि जीभही त्याच धारेची. अठ्ठावीस जणींनी मतं देऊन तिला खुर्चीत बसवलं होतं. पण ती खुर्चीत बसलेली कुणी पाहिली नव्हती. ती पडवीत खोक्यांना दोरी बांधत होती.

"ताई, माझी सुई मोडलीय."

"मग दोन्ही तुकडे दे नि दुसरी घे. मला काय सांगतेस, दोरी धर इकडे."

"टोक नाहीये. मंगळवारी मोडली. घरची होती."

कात्रीच्या हातातली दोरी सुटली. ती ओरडेल, असं धाकटीला वाटलं होतं, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. कात्री नुसती तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. धाकटीनं तिला घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून तिची पाचावर धारण बसली.

"मंगळवारी," कात्री म्हणाली. "आज शुक्रवार. साडेनऊ वाजलेत. तीन दिवस तू माझ्यासमोर बसून पाणी पीत होतीस."

"हो."

"हत्ती कुठला?"

"माहीत नाही."

कात्रीनं आत जाऊन टाळी वाजवली. शिवणयंत्रं थांबली. तिनं जे घडलं ते चार वाक्यांत सांगितलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. पाळणाघरातलं रडणं ऐकू यायला लागलं. सत्तावीस तोंडं धाकटीकडे वळली. प्रत्येकीच्या डोळ्यांत ती सिमेंटची पोती दिसत होती.

बोलली ती जाऊच.

"माझं नाक कापलंस तू," ती म्हणाली. "हिची जबाबदारी माझी, असं मी या सगळ्यांसमोर सांगितलं होतं. घरची सुई! घरात तुला काही कमी केलं का आम्ही, म्हणून इथं येऊन हे दिवे लावलेस? भाऊजींना काय सांगू? सासूबाईंना काय सांगू?"

धाकटीनं मान खाली घातली. वहिनी आजपर्यंत तिच्यावर इतकी कधी चिडली नव्हती. उलट घरात कुणी चढ्या आवाजात बोललं की वहिनीच मध्ये पडायची. आता घरी गेल्यावर काय होईल, हेच तिला कळेना.

"भांडण नंतर," कात्री म्हणाली. "खोकी उघडा."

बांधलेली खोकी फाडली गेली. फरशीवर पांढऱ्या चादरी अंथरल्या. प्रत्येकीनं पुढ्यात हत्ती घेतले. पोट उसवायचं, कापूस बाहेर काढायचा, चिमटीनं पिंजून चादरीवर झटकायचा, आणि मग जुन्या भोंग्यातला लोहचुंबक त्यावरून फिरवायचा. चुंबक दोनच होते. ते या हातातून त्या हातात फिरत होते. तीन आठवड्यांची मेहनत टराटरा फाटत होती. एक म्हातारी कापूसवाली, जिला सगळ्या आजी म्हणत, उसवता उसवता पुटपुटली, "शिवताना कंबर मोडली, आता उसवताना मान. देवा, मधलं काहीतरी ठेव शाबूत." कुणी हसलं नाही. एरवी आजीच्या शिंकेवरसुद्धा हसायच्या.

शंभर झाले. दीडशे झाले. काही नाही. बाहेर गाडीचा भोंगा वाजला. ड्रायव्हर लवकर आला होता. कात्रीनं दारातून हात करून त्याला थांबवलं. जहाज उद्याचं, गाडी आजच निघायला हवी, हे सगळ्यांना माहीत होतं. धाकटी मंगळवारपासून ज्याच्या धास्तीत होती ते टोक मिळेना, आणि हत्ती तर संपत चालले होते. शेवटचा हत्ती उसवला आणि काहीच मिळालं नाही तर? मग ते कुठं असेल? एखादीच्या केसात, एखादीच्या टाचेत, की चुंबकालाही चुकवून कापसाच्या गोळ्यात?

"मिळालं," आजी म्हणाली.

सगळ्या उठून धावल्या. आजीच्या चुंबकाला एक चकाकता तुकडा चिकटला होता. कुणीतरी रडायला लागलं. कुणीतरी आजीचे गाल ओढले.

"सुटलो बाई," जाऊ म्हणाली. तिनं पुढं होऊन तो तुकडा उचलला आणि धाकटीच्या तळहातावर ठेवला. "हं, घे तुझं. चला गं, शिवायला घ्या. एकेकीनं आठ आठ घेतले तर चारपर्यंत होतील. गाडीवाल्याला चहा द्या, थांबेल तो."

बायका जागेवर परतल्या. सुयांत दोरे ओवले जाऊ लागले. जे उसवायचे राहिले होते ते पस्तीस-चाळीस हत्ती कुणीतरी पुन्हा खोक्यात ठेवायला सुरुवात केली. धाकटीनं हातातला तुकडा पाहिला.

तो जाड होता. तिच्या आईची सुई केसासारखी. हे टोक चांगलं जाडजूड, पोटं शिवायच्या सुईचं. पोटं शिवणाऱ्या चौघीच. त्यातल्या तिघी आत्ता चादरीवरून कापूस गोळा करत गप्पा मारायला लागल्या होत्या, जीव भांड्यात पडल्यासारख्या. चौथी वहिनी. ती धाकटीच्याच समोर उभी होती, आणि हलत नव्हती. धाकटीनं वर पाहिलं. वहिनी तिच्याकडे बघत होती. त्या नजरेत राग नव्हता. राग सकाळी होता. आता तिथं जे होतं ते धाकटीनं तीन दिवस आरशात पाहिलं होतं.

मूठ मिटायची, बस्स. सगळ्यांना सगळं मिळालं होतं. गाडी जाईल, नियम पाळला जाईल, वहिनी घरी काही बोलणार नाही. उलट जन्मभर तिच्या बाजूनं उभी राहील. आणि तोंड उघडलं तर? घर वहिनीच्या शब्दावर चालतं. तिच्या कानात पोरीच्या चावण्याचा तो ओला आवाज यायला लागला.

"ताई," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "ताई, हे माझं नाही."

कात्री वळली. "काय?"

"माझी सुई बारीक होती. हे जाड आहे. माझं अजून आत आहे."

तिनं बाहीतून मोडकं धड काढलं आणि त्या तुकड्याशेजारी चादरीवर ठेवलं. आंधळ्यालाही कळलं असतं. दोरे ओवणारे हात जागच्या जागी थांबले. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की एका मोडक्या सुईच्या दोन झाल्या आहेत, आणि दुसरीची मालकीण इथंच, याच खोलीत बसली आहे. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. इतक्या वर्षांच्या मैत्रिणी, पण त्या क्षणी एकही दुसरीशेजारी निर्धास्त बसली नव्हती.

"फळीवर तर सगळ्या सुया धड आहेत," कात्री म्हणाली. "सकाळी मी स्वतः पाहिल्या. कुणाची आहे ही?"

धाकटीनं नाव घेतलं नाही. ती खाली बसली, पुढ्यात राहिलेला एक हत्ती ओढला आणि त्याचं पोट उसवायला लागली. काय करावं ते तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून तिनं हातातलं काम केलं.

जाऊ फळीकडे गेली. आपल्या खुणेवरची सुई तिनं उपटली आणि परत येऊन कात्रीच्या हातात दिली.

"मापून बघा," ती म्हणाली. "तांदळाच्या दाण्याएवढी आखूड आहे. गेल्या आठवड्यात मोडली. मी दगडावर घासून नवीन टोक काढलं आणि खोचून ठेवली."

"का?" कात्रीनं विचारलं.

"काम थांबलं असतं. माझ्यामुळं सगळ्यांचं थांबलं असतं. मला लाज वाटली."

कात्री दारापर्यंत गेली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "आज माल नाही. परत जा." मग तिनं खरेदीवाल्या बाईला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की माल उशिरा येईल, आमच्याकडून चूक झाली आहे, काय ती कागदावर लिहून पाठवते. पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. तिनं फोन ठेवला. "ती कळवते म्हणाली," एवढंच ती बोलली, आणि येऊन हत्ती घेऊन बसली.

धाकटीचं टोक दुपारी तीनला मिळालं, राहिलेल्यांतल्या नवव्या हत्तीत, बरोबर कानामागं. मोडक्या धडाला लावून पाहिलं, जुळलं. या वेळी कुणी गाल ओढले नाहीत. सोमवारी सभा घेऊन दोघींचं काय करायचं ते मत टाकून ठरवू, असं कात्रीनं सांगितलं, आणि पुढं म्हणाली, "मत द्यायच्या आधी प्रत्येकीनं आपापल्या बाह्या झटकून यायचं." दोघी-तिघींनी नकळत बाहीवर हात नेला. ते कात्रीनंही पाहिलं.

पाच वाजता दोघी जावा घरी निघाल्या. पोरगी धाकटीच्या खांद्यावर झोपली होती. उन्हं अजून होती, रस्त्यावर माणसं होती.

"तुला लगेच कळलं होतं ना, ती माझी आहे?" जावेनं विचारलं.

"हो वहिनी."

"मग सगळ्यांसमोर मी तुला तेवढं बोलले, ते उलटून माझ्या तोंडावर का नाही मारलंस?"

"भीती वाटली."

"कुणाची?"

धाकटीनं जरा विचार केला. "आधी तुमची. मग त्या बाळाची. बाळाची जास्त वाटली."

जाऊ चालायची थांबली. रस्त्याच्या कडेला, एका बंद दुकानाच्या पायरीशी ती उभी राहिली, आणि धाकटीला वाटलं तिला चक्कर येतेय.

"वहिनी, बसता का जरा?"

"सुई एकदाच नाही मोडली," जाऊ म्हणाली. "मागच्या खेपेलाही मोडली होती. तेव्हाही घासली मी. टोक शोधलं, मिळालं नाही. फरशीच्या फटीत गेलं असेल, असं स्वतःला सांगितलं. तो माल जाऊन दोन महिने झाले."

धाकटीनं झोपलेल्या पोरीला छातीशी आणखी घट्ट धरलं. दोन महिने. दोनशे हत्ती, दोनशे घरं.

"कारखाना बंद होईल," जाऊ म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "सगळ्या माझ्या नावानं खडे फोडतील. घरात मला कोण उभं करेल? तू कुणाला सांगणार नाहीस ना?"

कात्री सहापर्यंत कारखान्यात असते, हे तिला माहीत होतं. तिनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, मोकळ्या हातानं वहिनीचं मनगट धरलं आणि ज्या वाटेनं आल्या होत्या त्याच वाटेला लागली. वहिनीनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. धाकटीनं तो सोडला नाही. ती चालत राहिली. दहा-बारा पावलांनंतर वहिनीनं ओढ द्यायचं थांबवलं.